टाइलवरचा फ्लश टँक तिसऱ्यांदा सुटलाय, आता भोकात काय भरायचं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. १२ वर्षं जुना फ्लॅट, कमोडच्या मागे, बेडरूमच्या बाजूच्या टाइल लावलेल्या पार्टिशन भिंतीवर टांगलेला प्लास्टिकचा फ्लश टँक, २ वर्षांत तिसऱ्यांदा स्क्रू गिट्टीसकट बाहेर आला, दर वेळी प्लंबरने भोकात व्हाइट सिमेंट कोंबून परत तोच स्क्रू पिळला, आणि आता टँक भिंतीपासून अर्धा इंच पुढे येऊन खालच्या पाइपांवर लोंबकळतोय. आणि तुम्ही विचारताय की व्हाइट सिमेंट, एमसील की आणखी काही, नक्की काय भरलं की पक्कं बसेल.

सांगतो, पण आधी एक काम आत्ता उठून करा. टँकच्या खाली जो अँगल कॉक आहे तो बंद करा, एकदा फ्लश करून टँक रिकामा करा आणि काम होईपर्यंत बादलीने पाणी टाका. टँक पडून फुटला तर त्याचं एवढं काही नाही, नवीन मिळतो, पण पडताना तो कनेक्शन पाइपला हिसका देतो आणि बॉल कॉकचे (टँक भरला की पाणी थांबवणारा आतला कॉक) प्लास्टिकचे आटे तिथल्या तिथे मोडतात, मग गच्चीवरच्या टाकीचं पाणी डायरेक्ट तुमच्या बाथरूममध्ये. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे हे भर दुपारी झालं, नवरा-बायको दोघं ऑफिसला, घराला कुलूप, आणि खालच्या घरातल्या काकूंच्या किचनच्या छतातून ठिबकायला लागलं तेव्हा कुठे कळलं. टँकच्या खर्चाच्या कितीतरी पट खालच्यांचं पीओपी आणि रंग करून देण्यात गेले. आणि हो, १२ वर्षं कॉकला हात लागला नसेल तर तो घट्ट झालेला असणार, पक्कड लावून जोर करू नका, मान तुटते. फिरत नसेल तर बाथरूमचा मेन व्हॉल्व बंद करा, तोही नसेल तर गच्चीवरचा.

आता मुद्द्याचं. काय भरायचं हा प्रश्न मला सगळे विचारतात, पण माझ्या मते बघायचं असतं ते हे की स्क्रूने आत धरलंय कशाला. टँकच्या खोक्यात जे स्क्रू आणि गिट्ट्या येतात (रावळ प्लग हो, दुकानात गिट्टी म्हणूनच मागतात) त्या असतात सव्वा ते दीड इंच लांब. आता तुमच्या भिंतीचा हिशोब करा. वरून टाइल ८ मिलीमीटर, तिच्या मागे माल (टाइल चिकटवायचं सिमेंट-वाळू) १० ते १५ मिलीमीटर, त्याच्या मागे प्लास्टर आणखी १२-१५. झाले ना ३०-३८ मिलीमीटर? म्हणजे तुमची गिट्टी अख्खीच्या अख्खी टाइल, माल आणि प्लास्टरमध्येच संपली, विटेपर्यंत पोचलीच नाही. बरं, बऱ्याच मिस्त्रींची टाइल लावायची पद्धत अशी की मागे माल सगळीकडे न पसरता मधे गोळा ठेवायचा आणि दाबायची, त्यामुळे कोपऱ्यांच्या मागे नुसती हवा. तिथे भोक पडलं तर गिट्टी अर्धी पोकळीत. बोटाच्या पेराने टाइल वाजवून बघा, भरीव असेल तर टक टक वाजते, पोकळ असेल तर बद आवाज येतो, ५ मिनिटांत तुम्हालाच फरक कळायला लागेल.

म्हणून व्हाइट सिमेंट टिकत नाही. ते सुकताना आकसतं, ठिसूळ असतं, आणि मुख्य म्हणजे आत धूळ तशीच असते त्यामुळे ते भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतं. सुटलेली गिट्टी हातात घेऊन बघा, बाहेरून सिमेंटचा पांढरा नळकांडा तसाच्या तसा तिच्याभोवती असेल. एमसील आपल्या जागी चांगलंच आहे, गळतीला मीही वापरतो, पण पोकळ भोकाला ते आधार कुठून देणार.

तरी एक शंका राहते ना की टँकला वजन ते किती, मग २ वर्षांत ३ वेळा का सुटावा? साधा हिशोब करू. टँक स्वतः २-३ किलो, १० लिटरचा असेल तर पाणी १० किलो, धरा साडेबारा किलो. हे वजन स्क्रूला खाली दाबतं, त्याने स्क्रू बाहेर येत नाही. बाहेर ओढतो तो टँकच्या खोलीचा तोल. टँक भिंतीपासून साधारण १४ सेंटीमीटर बाहेर, म्हणजे वजनाचा मध्य ७ सेंटीमीटरवर, आणि वरच्या स्क्रूपासून टँकचा तळ जिथे भिंतीला टेकतो ते अंतर २६ सेंटीमीटर धरा. साडेबारा गुणिले ७ भागिले २६, म्हणजे दोन्ही स्क्रूंवर मिळून ओढ येते जेमतेम साडेतीन किलो. साडेतीन किलोला तर प्लास्टरमधली गिट्टीसुद्धा पुरते! म्हणजे नुसत्या वजनाने टँक पडत नाही, तो हलून हलून पडतो. बटण दाबलं की टँक मिलीमीटरभर डुलतो, गिट्टी भोक कुरतडते, भोक मोठं झालं की आणखी डुलतो, असं दिवसातून १५-२० वेळा.

आणि दुसरं कारण लोक सांगत नाहीत कारण त्यांच्या ते लक्षातच येत नाही. घरात कोणी वयस्कर आहे का? कमोडवर बसताना माणूस वळतो आणि मागे हात टेकायला काहीतरी शोधतो, हाताशी काय असतं, टँक. एका घरी मी स्वतः २ वेळा टँक बसवून आलो, तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मलाच लाज वाटायला लागली की आपलं काम एवढं कच्चं कसं. मग बघितलं तर टँकच्या झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावर तेवढीच जागा हाताने पुसून पुसून चकचकीत झालेली, बाकी सगळ्यावर धुळीचा थर. आजी गुडघ्यांमुळे सगळा भार तिथे टाकून बसायच्या. टँकच्या पुढच्या कडेवर २० किलोचा भार आला की स्क्रूवरची ओढ एकदम चौपट होते, वरचा काठ धरून स्वतःला ओढलं तर विचारायलाच नको. अशा घरी टँक कितीही भक्कम लावा, बाजूच्या भिंतीला ग्रॅब बार लावल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. त्या आजींकडे बार लावला, टँक अजून जागेवर आहे.

आता भिंत. इथे मात्र मी तुम्हाला छातीठोक सांगू शकत नाही कारण तुमची भिंत मी बघितलेली नाही, आणि सगळं त्यावर आहे. पण ओळखायची खूण सोपी आहे, ड्रिल करताना बिटाबरोबर येणारी धूळ बघा. आधी टाइलचा पांढरा किंवा तांबूस भुगा, मग राखाडी म्हणजे माल आणि प्लास्टर, आणि त्यानंतर जो रंग येईल ती तुमची भिंत. वीटकरी लाल आला तर मातीची वीट, सगळ्यात सोपं प्रकरण. राखाडीच येत राहिलं आणि बिट पुढेच सरकेना तर काँक्रीट. आणि पिठासारखी मऊ पांढुरकी धूळ भराभर यायला लागली, बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर सिपोरेक्सचा हलका, सच्छिद्र ब्लॉक, एएसी म्हणतात तो. कोकणात आणि गोव्यात जुनी घरं असतील तर जांभ्याचा चिरा, त्याची धूळ तांबडी-पिवळी आणि मधेच बिट एकदम आत जातं कारण चिऱ्याला आतून भोकं असतात.

१२ वर्षांपूर्वीची बिल्डिंग आणि बेडरूमच्या बाजूची पार्टिशन म्हणता, म्हणजे बहुतेक ४ इंची वीट असणार किंवा सिपोरेक्स, दोन्हींचं सांगतो.

वीट असेल तर ८ किंवा १० मिलीमीटरची नायलॉनची चांगली गिट्टी आणि ७५-८० मिलीमीटर लांबीचा स्क्रू. ३५ मिलीमीटर टाइल-प्लास्टरमध्ये गेले तरी ४० मिलीमीटर विटेत राहतात, आणि ४ इंची भिंतीत पलीकडे बेडरूममध्ये बाहेरही येत नाही. गिट्टी टाइलच्या तोंडाशी ठेवायची नाही हे महत्त्वाचं, स्क्रूच्या टोकाने किंवा बोथट खिळ्याने हळू ठोकून ती आत विटेत ढकलायची. गिट्टी टाइलमध्ये फुगली की टाइलला तडा जातो, मी नवीन पोरांना हेच पहिलं शिकवतो. स्क्रू घेताना टँकच्या मागचं भोक सोबत मोजून जा, जाड स्क्रूचं डोकं त्या किल्लीच्या भोकासारख्या खाचेतून आत गेलं पाहिजे, नाहीतर सगळं करून टँक लटकतच नाही.

सिपोरेक्स असेल तर साधी गिट्टी विसरा. ती फुगते ती आजूबाजूचा ब्लॉक चुरत, आज घट्ट वाटेल, महिन्याने सैल. त्यासाठी वेगळी आटेदार गिट्टी मिळते, पिळून आत बसवायची, आणि ड्रिलचा हॅमर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बंद. त्याहून भक्कम म्हणजे केमिकल अँकर, म्हणजे ट्यूबमधून भोकात भरायचा मसाला, जो सुकून रॉडला भिंतीत पक्कं धरतो. आणि सगळ्यात भक्कम, जे मी ४ इंची सिपोरेक्सला वयस्कर माणसांच्या घरी करतो, ते म्हणजे आरपार बोल्ट, पलीकडे रुंद पट्टी आणि नट. दिसायला वाईट दिसतं हे मान्य, पण पलीकडे वॉर्डरोब असेल तर कोणाला दिसणार. काँक्रीटची भिंत असेल तर घरातल्या छोट्या ड्रिलने तासभर घासत बसू नका, रोटरी हॅमरवाला बोलवा, ५ मिनिटांचं काम. चिऱ्यात मी लांब बिट घालून ४ इंच खोल जातो आणि केमिकलच भरतो, कारण साधी गिट्टी त्याच्या भोकात कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

ड्रिल लावायच्या आधी आत काय दडलंय ते आठवा. अँगल कॉकचा पाइप भिंतीतून बहुतेक सरळ वर किंवा सरळ खाली जातो, म्हणून कॉकच्या सरळ वर-खालच्या रेषेच्या डावीकडे-उजवीकडे ४-४ इंच जागा सोडायची. हे मी पुस्तकातून नाही शिकलो. कामाला लागून जेमतेम वर्ष झालेलं, उस्ताद चहाला गेले होते, मी घाईत कॉकच्या बरोब्बर वर भोक मारलं आणि थेट पाइपात. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर, मी अंगठा लावून उभा आणि ओरडतोय. २ टाइल फोडाव्या लागल्या आणि त्या डिझाइनची टाइल बाजारात नव्हती, अजून त्या घरात दोन टाइल वेगळ्या आहेत. पलीकडे बेडरूमच्या बाजूला त्याच जागी स्विच बोर्ड आहे का तेही बघा, ४ इंची भिंतीत वायरचा पाइप फार लांब नसतो, ड्रिल करताना त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवा.

जुनी भोकं परत वापरायची की नाही? शक्यतो नाही. टँक एखाद इंच खाली घ्या, नवी भोकं नव्या जागेत मारा. खाली का, तर फ्लशचा पाइप हॅक्सॉ ब्लेडने तेवढा कापता येतो, वर घेतला तर पाइप आखूड पडतो आणि नवीन आणावा लागतो. फक्त कमोडचं झाकण उघडून मागे टेकतं ना, ते टँकला अडकत नाही एवढं आधी बघा, माझ्याच एका माणसाने टँक एवढा खाली घेतला की झाकण उभं राहीना, बसलं की पाठीवर. नवं भोक टाइलच्या काठापासून निदान एक इंच आत येऊ द्या आणि जॉइंटवर येत असेल तर टँक थोडा सरकवा. जुनी भोकं टँकच्या मागे लपतात, पण ती सिलिकॉनने बंद करा, नाहीतर त्यातून पाणी आत जाऊन बेडरूमच्या भिंतीला पोपडे धरतात.

टाइलला भोक पाडताना आधी मास्किंग टेपची फुली मारा म्हणजे बिट घसरत नाही, हॅमर बंद, स्पीड कमी, टाइलचं भाल्याच्या टोकाचं बिट लावून फक्त टाइल पार करा. मग बिट बदलून भिंतीचं लावा आणि वीट असेल तरच हॅमर चालू. भोक झालं की धूळ काढा, आणि ती तोंडाने फुंकू नका, सगळी डोळ्यात येते, सायकलचा पंप घ्या, नळी आत घालून ४-५ वेळा मारा. केमिकल अँकर वापरणार असाल तर हे दुप्पट नीट करा कारण धुळीवर ते धरत नाही. आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, थंडीत जास्त लागतो. भरलं आणि तासाभरात टँक टांगला असं करणारे प्लंबर आहेत, त्यांना पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं असतं.

जुनंच भोक वापरायची पाळी आली, म्हणजे टँक हलवायला जागाच नाही, तर ते सैल भोक १२ मिलीमीटरचं करून विटेत खोल न्या, साफ करा आणि केमिकलमध्ये ८ मिलीमीटरचा आटेदार रॉड बसवा. त्यावर नट-वॉशर लावून टँक आवळता येतो, मात्र टँकच्या मागचं भोक तसं असेल तरच.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ मागा. साधा लोखंडी स्क्रू गंजतो तो आत, टाइलच्या मागे, बाहेरून चांगला दिसतो आणि एक दिवस डोकंच तुटून येतं. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचे डाग काढायला महिन्याला ॲसिड ओततात, त्याची वाफ वर टँकच्या मागेच जाते, त्यात तर लोखंड फार दिवस काढत नाही, आणि खरं सांगायचं तर स्टेनलेसलाही ते मानवत नाही. बाथरूमचं दार-खिडकी उघडं ठेवून धुवा.

आता एक गोष्ट जी मी दहातल्या सहा घरी चुकलेली बघतो, फ्लशचा पाइप. टँकची खालची तोटी आणि कमोडचं मागचं तोंड एका ओळंब्यात पाहिजे. नसेल तर पाइप वाकवून, रेटून रबर वॉशरमध्ये घुसवतात आणि तो पाइप मग स्प्रिंगसारखा टँकला रात्रंदिवस एका बाजूला ढकलत राहतो. म्हणून आधी स्क्रू आणि मग पाइप असं करायचं नाही. पाइप कमोडमध्ये बसवा, त्यावर टँक ठेवा, एकाने धरा, पाइप कुठेही ताणलेला नाही हे बघून मग भिंतीवर खुणा करा. लेव्हल पट्टी नसेल तर बाटलीत अर्धं पाणी भरून टँकवर आडवी ठेवा, तेवढंही पुरतं.

स्क्रू पिळले की टँक लगेच टांगू नका. एकेका स्क्रूला तार बांधून १० लिटर पाण्याची बादली लटकवा आणि रात्रभर राहू द्या. एकेक स्क्रू टँकच्या जवळपास अख्ख्या वजनाला टिकला की झालं. सकाळी स्क्रू खाली झुकलेला दिसला किंवा टाइलशी बारीक भुगा पडलेला दिसला तर ते भोक नापास, परत करा, आत्ता परत करणं स्वस्त आहे.

टांगताना स्क्रूचं डोकं ३-४ मिलीमीटर बाहेर ठेवा, टँक अडकवून हलवून बघा, डुलत असेल तर काढून पाव फेरा आत घ्या, परत बघा. टँक जोर लावून खाली सरकवावा लागला पाहिजे. काही टँकना खाली तिसरं भोक असतं, लोक ते सोडून देतात, ते लावा. नसेल तर तळाशी मागे दोन कोपऱ्यांत रबराचे तुकडे किंवा सिलिकॉनचा थेंब, डुलणं तिथेच संपतं. अख्खा टँक सिलिकॉनने चिकटवू मात्र नका, उद्या आतलं सायफन बदलायला काढावा लागला तर टाइल घेऊन येईल. तुमचा टँक सिरॅमिकचा असता तर मी हे सगळं सांगितलंच नसतं, तो रिकामाच जड, त्याला खालून ब्रॅकेटचा आधार लागतो.

शेवटी पाणी सोडा, टँकच्या वरच्या कडेशी टाइलवर पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि १५-२० वेळा फ्लश करा. आठवड्याने रेघ बघा. रेघ आणि टँक जिथल्या तिथे असतील तर पुढची काही वर्षं मला विसरा. कनेक्शन पाइप मात्र या निमित्ताने नवाच टाका, लोंबकळून त्याच्या आतल्या रबराला चीर गेलेली असते, आणि प्लास्टिकच्या आट्यावर नट हाताने घट्ट करून वर अर्धा फेरा, बस, पान्याने जास्त आवळला तर आज नाही तर महिन्याने तडकतो.

सुटलेली गिट्टी फेकली नसेल तर तिची लांबी मोजून कळवा आणि भोकात जुन्या स्क्रूने थोडं खरवडून आतली धूळ कुठल्या रंगाची येते ते सांगा. घरात टँकला हात टेकून कोण बसतं तेही एकदा विचारून घ्या. एवढं कळलं की कुठली गिट्टी आणि किती लांब स्क्रू ते नेमकं सांगतो, तोवर कॉक बंदच राहू द्या.